दोन खोल्यांचे घर आणि कंपनीचे काम

"घरी बसून काम करा" हे शब्द २०२० सालच्या मार्च महिन्यात आपल्या वस्त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडले. तोवर आपल्याकडे काम म्हणजे घराबाहेर पडणे. सकाळी डबा बांधायचा, एस.टी. गाठायची, कचेरीत, कारखान्यात नाहीतर कुणाच्या शेतात पोचायचे आणि दिवस मावळताना परतायचे. घरी बसलेल्या माणसाला गाव रिकामटेकडा म्हणत असे. आणि मग एके दिवशी सरकारच सांगू लागले की, बाहेर पडू नका, घरूनच काम करा.

वाचक बंधु-भगिनींनो, त्या गोष्टीला आता काही वर्षे झाली. साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु घर की कचेरी हा प्रश्न काही संपला नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत तो अजून धुमसतो आहे, आणि आपली मुले-मुली त्या कंपन्यांत आहेत. म्हणून या प्रश्नाकडे आपल्या घरातून, आपल्या उंबऱ्यावरून पाहणे गरजेचे आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणा

आजचा धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. कळंब तालुक्यातले एखादे गाव. विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचे, वर पत्रे घातलेले घर. वडील तालुक्याच्या सरकारी कचेरीत शिपाई. आई गावची आशा कार्यकर्ती. थोरला मुलगा पुण्यात एका कंपनीत संगणकावर काम करणारा, धाकटी मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर. हे घर अमुक एका कुटुंबाचे नव्हे. पण असे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एक तरी आहेच.

राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. १३ मार्चला १८९७ सालचा साथरोग कायदा राज्यात लागू झाला. २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर येथील खासगी कचेऱ्या बंद करण्याचे जाहीर झाले आणि सरकारी कचेऱ्यांतील उपस्थिती २५ टक्क्यांवर आली. दोनच दिवसांत ती ५ टक्क्यांवर आणली गेली. २३ मार्चपासून एस.टी. थांबली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातही उमरगा भागात रुग्ण सापडले.

त्याच्या तीनच आठवडे आधी, २९ फेब्रुवारीपासून, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला होता. त्या बदल्यात रोजची वेळ वाढली होती. इतरांना पावणेदहा ते सव्वासहा, शिपायांना साडेनऊ ते साडेसहा. नव्या वेळेची सवय होण्याआधीच कचेरीला टाळे लागले.

त्या घरात काय झाले असेल? मुलगा पाठीवर लॅपटॉपची पिशवी अडकवून टाळेबंदीच्या आदल्या दिवशी गावी पोचला. वडील आळीपाळीने कचेरीत जाऊ लागले, कारण कागदाची ने-आण, टपाल, कुलूप-किल्ली ही कामे काही संगणकावर होत नाहीत. आणि आई? तिचे काम तर वाढले. बाहेरगावाहून कोण आले, कुणाला ताप आहे, कुणाला खोकला आहे, याची नोंद करत ती दारोदार फिरू लागली. एकाच घरातल्या तिघांसाठी एकाच साथीचे तीन वेगवेगळे हुकूम होते.

घरून काम कुणाचे होऊ शकले?

घरून काम करण्याची सोय ज्याच्या कामात कागद, फोन आणि संगणक एवढेच लागते त्याची झाली. आपल्या समाजात असे लोक किती आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावे. सफाई कामगार, वीज मंडळाचा वायरमन, एस.टी.चा चालक-वाहक, दवाखान्यातील वॉर्डबॉय, परिचारिका, पोलीस शिपाई, पोस्टमन, आशा, अंगणवाडीताई, रेशन दुकानावरचा हमाल. यांच्यापैकी कोणाचेही काम घरून होत नाही. बहुसंख्य लोक घरात थांबू शकले ते यांच्या बाहेर पडण्यामुळे. शहरातला साहेब पडद्यावर बैठक घेत होता तेव्हा त्याच्या घराला लागणारी वीज, पाणी आणि झाडलोट ही दुसऱ्या कुणाची तरी हजेरी होती.

वाशी, भूम, परंडा, कळंब भागातील ऊसतोड मजुरांचे तर घरही नव्हते आणि कामही राहिले नव्हते. हंगाम संपत आला असताना ते पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या आवारात खोपटांत अडकून पडले. १७ एप्रिल २०२० रोजी सरकारने राज्यातील अशा सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना तपासणी करून गावी परतण्याची मुभा दिली. "घरी राहा" हा हुकूम पाळायला त्यांना आधी घरी पोचू देणे आवश्यक होते.

आणि शहरातील आपल्या धुणीभांडी करणाऱ्या भगिनी? मोठमोठ्या गृहसंकुलांनी त्यांना फाटकावरच थांबवले. आतल्या बाईसाहेब घरून काम करू लागल्या. त्यांच्या घरचे काम करणारी मात्र बेकार झाली. पुढे एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर केले. यातला 'नोंदणीकृत' हा शब्द लक्षात ठेवा. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. परंतु नाव नोंदवलेच नसेल तर मदत येते तेव्हा आपण यादीत नसतो.

दोन खोल्यांतील कचेरी

आता मुलाकडे येऊ. कंपनीचे म्हणणे सोपे होते. सकाळी नऊ वाजता संगणक सुरू करा, काम करा, संध्याकाळी बंद करा. पण हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे घर होते त्यात एक वेगळी खोली होती, टेबल-खुर्ची होती, दार लावून घेण्याची सोय होती आणि वीज जात नव्हती.

आपल्या घरात पुढच्या खोलीत पाहुणा बसतो, रात्री माणसे झोपतात, दिवसा धान्य निवडले जाते. आतल्या खोलीत चूल किंवा गॅस. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पत्र्याखाली दुपारी बसून पाहा, म्हणजे कळेल. वीज गेली की पंखा थांबतो आणि मोबाईलचा मनोरा थंडावला की कामही थांबते. रेंजसाठी कुणी गच्चीवर, कुणी गावाबाहेरच्या टेकाडावर, कुणी शाळेच्या ओट्यावर बसले. साहेबाच्या फोनवर कोंबडा आरवल्याचा आवाज गेला म्हणून लाजणारी मुले आपण पाहिली. त्यात लाजण्यासारखे काय होते? कोंबडा आपल्या घरी होता, आणि कंपनीच आपल्या घरी आली होती.

ही अडचण काही एकट्या धाराशिवची नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक असल्याचे दिसले होते. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के कुटुंबांकडे होती. दोन वर्षांनी साथ आली तेव्हा साऱ्या देशाची कचेरी आणि शाळा या तुटपुंज्या सोयीवर उभी करण्यात आली.

घरात चांगला मोबाईल एकच असला म्हणजे भांडण ठरलेले. मुलाच्या संगणकाला इंटरनेट त्याच मोबाईलमधून, बहिणीचा तास त्याच मोबाईलवर, आणि आईला आरोग्य केंद्राकडे माहिती व फोटो पाठवायचे तेही त्याच मोबाईलवरून. कोण मागे सरले? बहुतेक घरांत मुलगी. भावाची नोकरी महत्त्वाची, आईचे काम सरकारी, आणि पोरीचा अभ्यास काय, नंतर होईल. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि मुलांना अंतर्गत मूल्यमापनावर पुढे पाठवले गेले. कागदावर वर्ष वाया गेले नाही, पण अभ्यासाची जी पोकळी राहिली ती पुढच्या वर्षांत त्या मुलींनाच भरून काढावी लागली.

घरून काम करणाऱ्या सुनेची आणखी निराळी गोष्ट. कचेरीत जाणारी सून निदान आठ तास घराबाहेर असते. तेवढा वेळ तिला कुणी "चहा टाक" म्हणत नाही. घरी लॅपटॉप घेऊन बसली की सगळ्यांना वाटते, घरीच तर आहे. एका डोळ्याने पडद्याकडे, दुसऱ्याने कुकरकडे पाहत तिने दिवस काढले. मुलगा घरून काम करतो तेव्हा "हळू बोला, त्याचे काम चालले आहे" असे म्हणणारे आपण, सून काम करते तेव्हा तेच म्हणतो का? हे आपल्या मनाला विचारावे.

घरातले काम आपल्याला नवे नाही

शहरी वर्तमानपत्रांनी घरून काम ही नव्या युगाची देणगी असल्यासारखे लिहिले. पण आपल्या शेजारच्या सोलापुरात जाऊन पाहा. तिथे पिढ्यान् पिढ्या हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. पान आणि तंबाखू कारखान्याकडून आणायची, घरी सूप मांडीवर घेऊन वळायचे, आणि मोजून परत द्यायचे. मजुरी हजार विड्यांवर. खराब ठरवलेल्या विड्या मजुरीतून वजा. जागा त्यांची, दिवा त्यांचा, पोरांचे हातही त्यांचेच लागत, आणि तंबाखूची धूळ घरात श्वासाबरोबर. १९६६ साली विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कामगार मानली गेली, तेव्हा कुठे तिला ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी हे शब्द कळले. २०२० च्या टाळेबंदीत हे कामही थांबले.

म्हणजे घर हीच कामाची जागा झाली की मालकाचा जागेचा, दिव्याचा, देखरेखीचा खर्च वाचतो आणि तो कामगाराच्या घरावर पडतो. विडीवालीला हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. संगणकवाल्याला ते २०२० साली कळले, एवढेच. फरक असलाच तर तो पगाराचा.

याहून जुनी आठवण तर आपल्या आजोबा-पणजोबांची आहे. महारकी वतन म्हणजे काय होते? कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, ठरलेला पगार नाही. येसकराच्या दाराशी कधीही हाक यायची. सांगावा पोचव, सरकारी ऐवज नेऊन दे, साहेबाच्या घोड्यापुढे धाव. एकट्या माणसाचे नव्हे, तर सबंध घराचे अंग त्या कामाला बांधलेले, आणि बदल्यात बलुते व जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. अखेर मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली.

रात्री अकरा वाजता साहेबाचा निरोप मोबाईलवर येतो आणि मुलगा जेवणाच्या ताटावरून उठतो, तेव्हा जुन्या माणसांना ती हाक आठवली तर नवल नाही. अर्थात वतन आणि नोकरी एक नव्हे. नोकरी सोडता येते, वतन जन्माने चिकटलेले होते. परंतु ज्या कामाला वेळेची सीमा नाही ते काम माणसाला हळूहळू गिळते, एवढा धडा दोन्हीकडे सारखा आहे.

कचेरीने आपल्याला काय दिले?

आपल्या समाजासाठी कचेरी ही केवळ कामाची जागा नव्हती. गावकीतून सुटण्याची ती वाट होती. बाबासाहेबांनी शिका आणि शहराकडे चला असे सांगितले ते उगीच नाही. कचेरीत हजेरीपट असतो, त्यावर आपले नाव असते. ठरलेल्या वेळी काम सुरू होते आणि ठरलेल्या वेळी संपते. पहिल्या तारखेला पगार. एका रांगेत जेवण. अन्याय झाला तर संघटना आणि चारचौघे सोबती. नवीन लागलेल्या पोराला अनुभवी माणूस शेजारी बसवून काम शिकवतो. कोणत्या पदाची जाहिरात निघणार, कोणती परीक्षा द्यावी, हे चहाच्या टपरीवरच कळते.

घरून काम करताना ही सोबत तुटली. ज्याचा मामा, काका मोठ्या हुद्द्यावर आहे त्याला फोनवरही ओळख मिळते. पण पहिल्या पिढीतील आपल्या मुलाला साहेबाने पाहिलेच नाही तर बढतीच्या वेळी त्याचे नाव कोण घेणार? पुण्यातील जी मुले २०२० मध्ये नुकतीच नोकरीला लागली होती त्यांचे सर्वांत मोठे नुकसान हे झाले. काम झाले, पगार मिळाला, पण शिकणे राहिले.

दुसरी बाजूही खरी आहे. पुण्यात खोलीचे भाडे, खानावळ, बसभाडे यात निम्मा पगार जातो. गावी राहून तोच पगार मिळाला तेव्हा कित्येक घरांचे कर्ज फिटले, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. आजारी आईबापांजवळ राहता आले. त्या दोन वर्षांत ज्यांनी घरातले माणूस गमावले, त्यांना शेवटच्या दिवसांत जवळ असल्याचे समाधान तरी मिळाले. ज्या मुलाला वा मुलीला अपंगत्व आहे, जिला लहान बाळ आहे, तिच्यासाठी घरून काम ही सोय नसून नोकरी टिकवण्याचा एकमेव मार्ग असू शकतो. कचेरीत जातीवरून टोमणे सोसणाऱ्यालाही घरात थोडी उसंत मिळाली. म्हणून घर वाईट आणि कचेरी चांगली, असा सरधोपट निकाल देता येत नाही.

परतीचा हुकूम

८ जून २०२० पासून खासगी कचेऱ्यांना दहा टक्के माणसांनिशी उघडण्याची परवानगी मिळाली. २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर एस.टी. सुरू झाली. पुन्हा २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. १४ एप्रिलला, भीमजयंतीच्या दिवशीच रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली, आणि २२ एप्रिलपासून सरकारी कचेऱ्या १५ टक्के उपस्थितीवर आल्या. जयंती सलग दुसऱ्या वर्षी घरातच झाली. ६ डिसेंबर २०२० ला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करा, असे आवाहनही आपण पाळले होते. त्या दिवशी आपल्या सर्वांना कळले की, घरातून अभिवादन होते, पण पुस्तकांचे ते ठेले, ती गर्दी, गावोगावच्या माणसांची ती भेट घरात होत नाही. कामाचेही काहीसे असेच आहे.

२ एप्रिल २०२२ पासून राज्यातील सारे निर्बंध उठले आणि मग कंपन्या माणसांना परत बोलावू लागल्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील मोठ्या संगणक कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के माणसे कचेरीत असली तरी चालेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत या, असे सांगितले. कंपनीला सोयीचे असते तेव्हा घर, सोय बदलली की कचेरी. निर्णय दोन्ही वेळा वरूनच आला. ज्यांनी गावी राहण्याच्या हिशेबाने घरबांधणीचे कर्ज काढले होते, मुलांची नावे गावच्या शाळेत घातली होती, त्यांची तारांबळ उडाली.

आणि ज्या आईला घरून काम कधी मिळालेच नाही, तिचे काय? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यभर चालली. घराघरांत जाऊन ताप आणि प्राणवायू मोजण्याचे काम आशांनी केले. तिला पगार नाही, कामावर आधारित मोबदला. अखेर १५ जून २०२१ पासून राज्यातील आशा संपावर गेल्या. आठवड्याभरानंतर संप मिटला, तेव्हा जुलैपासून १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. घरी बसून कुणी हे तिला दिले नाही. रस्त्यावर एकत्र आल्यावर मिळाले.

कायदा काय सांगतो?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने. पगारी सुट्टीचा कायदा १९४५ चा. त्याआधी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला होता. कामाला सीमा असावी आणि आईला विश्रांती मिळावी, हा विचार त्यांनी कायद्यात आणला.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास वा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर मालक व स्त्री कामगार यांनी ठरवून घरून काम करण्याची तरतूद आली. ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली आणि त्या संहितेसह चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. साथीच्या आधीपासून हा मार्ग कागदावर होता, पण किती मुलींना तो ठाऊक होता?

कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये तसे कायदे केले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झालेला नाही.

आणखी एक जुना आधार आहे. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला जो उपदेश केला त्यात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, आणि वेळेवर सुट्टी द्यावी. कामगारानेही दिलेले काम नीट करावे आणि न दिलेले घेऊ नये. घर असो वा कचेरी, हे दोन्ही बाजूंनी पाळले तर भांडणाचे कारण उरत नाही.

आपण काय करावे?

साथ पुन्हा येणारच नाही असे कुणी सांगू शकत नाही. म्हणून काही गोष्टी घराघरांत ठरवून ठेवाव्यात.

घरून काम मिळाले तर कामाची वेळ, सुट्टी आणि कचेरीत केव्हा परतावे लागेल हे लेखी मागून घ्या. इंटरनेट व विजेचा खर्च कंपनी देते का, हे विचारण्यात कमीपणा नाही. पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवा. घरेलू कामगार, बांधकाम मजूर यांनी नोंदणी करून दर वेळी तिचे नूतनीकरण करावे. आशाताईंनी केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी. घरात मोबाईल एक असेल तर मुलीच्या अभ्यासाची वेळ आधी ठरवा, मग इतरांची. सून कामाला बसली की तिच्याही दाराशी "काम चालू आहे" हा मान राहू द्या.

आणि एक सूचना गावोगावच्या मंडळांना. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे, त्यावर पक्के छप्पर आहे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढून तिथे दोन टेबले, चार खुर्च्या, इंटरनेटची जोडणी आणि वीज गेल्यावर चालेल असा इन्व्हर्टर बसवता येईल. दिवसा कंपनीचे काम करणारी मुले बसतील, संध्याकाळी शाळेची. घरातली गर्दी कमी होईल आणि एकट्याने काम करणाऱ्याला चार सोबती मिळतील. ध्वनिक्षेपकाच्या एका रात्रीच्या खर्चात यातले बरेच काही बसते.

तो मुलगा आता पुन्हा पुण्यात आहे, असे समजा. खोलीचे भाडे वाढले आहे. वडील निवृत्तीला आले आहेत. आई अजून दारोदार फिरते, तिच्या वहीत नोंदी वाढत आहेत. बहीण कॉलेजात आहे, आणि उद्या तिला नोकरी लागेल तेव्हा कंपनी विचारील, घरून की कचेरीत? तिने काय उत्तर द्यावे हे आपण आज ठरवू नये. पण उत्तर देण्याची वेळ येईल तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा मोबाईल असावा, बसायला जागा असावी, कायद्याची माहिती असावी, आणि "तू काय म्हणतेस?" असे विचारणारे घर असावे. एवढे तरी आपल्या हाती आहे.